साबण

"अंगाला पाणी लावू नका, पुरावा जाईल," वस्तीवरच्या नर्सनं आईला बजावलं होतं. बलात्कार होऊन रात्र उलटली, तरी लेक त्याच कपड्यांत होती. जवळच्या दवाखान्यात तपासणीचं सामानच नव्हतं. पुढच्या दवाखान्यात सामान होतं, ते वापरता येणारं कुणी नव्हतं. तिथल्या बेसिनवरचा साबण लेकीनं मुठीत धरला, तेव्हा आईनं तो हिसकावून पिशवीत टाकला. "कळ काढ, बाळा. मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाई आहेत." मोठ्या इस्पितळाच्या खिडकीतला कारकून म्हणाला, "तुमचा भाग आमच्याकडे येत नाही. तुमच्याच दवाखान्यात जा." "तिथूनच तर पाठवलंय हो!" "मग उद्या साहेबांना विचारा." खिडकी लागली. लेक रडली नाही, एवढंच म्हणाली, "आई, माझ्या अंगाला अजून त्याचा वास येतोय." आईनं पिशवीतून साबण काढला, लेकीच्या हातावर ठेवला आणि आवारातला नळ स्वतःच सोडला.