सात नंबरची खुर्ची

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी वाचनालयाच्या तळघरात गजर वाजला आणि सगळे हसले.

हौशी मंडळींचं हॅकेथॉन होतं. सकाळी दहाला जमायचं, चारपर्यंत काहीतरी चालणारं बनवून दाखवायचं. दोन जावांनी विषारी वायू ओळखणारा गजर बनवला होता. थोरली तारा जोडून डाग द्यायची, धाकटी प्रोग्राम लिहायची, आणि दोघी मिळून भांडायच्या. सकाळपासून तो चार वेळा उगाच बोंबलला होता.

"आकडा एकशे ऐंशी दाखवतोय," धाकटी म्हणाली. "इथे शून्य यायला हवं."

"सेन्सर गंडलाय. नाहीतर तुझा प्रोग्राम."

"माझाच का? तुमचे डाग बघा आधी. मुंगळे चिकटवल्यासारखे दिसतायत."

हे सगळं भरवणाऱ्या ताईंना मात्र हसू आलं नाही. दुपारपासून त्यांच्या कपाळावर ठणके बसत होते. चार वाजता ग्रंथपाल खाली येणार होते. 'एक जरी तक्रार आली तरी पुन्हा हॉल मागायचा नाही,' असं त्यांनी आधीच बजावलं होतं. तीन वर्षं जागेसाठी उंबरे झिजवल्यावर ही जागा मिळाली होती.

"मर्यादा वाढवा," ताई म्हणाल्या. "तीनशे करा. चारपर्यंत तो गप्प बसला पाहिजे."

धाकटीने एक आकडा बदलला. गजर गप्प बसला.

दहा मिनिटांनी एक परिचारिका हातातली पक्कड ठेवून उभी राहिली. नोकरी रुग्णालयात, पण रविवारचा जीव रेडिओत अडकलेला. तिने एकदा त्या गजराकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे.

"डोकं कुणाकुणाचं दुखतंय? खरं सांगा. हात वर करा."

एक हात वर आला. मग चार. मग मोजता येईनात. ताईंनी पाहिलं, त्यांचा स्वतःचाही हात वर होता.

दोन वाजता वीज गेली होती. शिपायाने मागच्या बोळात जनरेटर लावला होता. प्रोजेक्टरच्या पडद्यावर उजेड पडू नये म्हणून दारं-खिडक्या बंद होत्या. उघडी होती ती फक्त बोळाकडची झरोक्याची जाळी. आत काय येत होतं ते न दिसणारं होतं, आणि त्याला वास नव्हता.

"सामान टाका. बाहेर चला," ताई म्हणाल्या. आवाज फाटला, पण ऐकू गेला.

बाहेर पडताना प्रत्येकाने आपला बिल्ला दाराजवळच्या फळीवर अडकवायचा, हा त्यांचा पहिल्यापासूनचा नियम. त्यावरून त्यांची थट्टाही व्हायची. फळीवर चौतीस खिळे होते. चौतीस बिल्ले लागले. शेवटचा ताईंचा. शिपायाने जनरेटर बंद केला, दार ओढून घेतलं. कुणालाही आत सोडायचं नाही, असं ताईंनीच त्याला सांगितलं. परिचारिकेने अग्निशमन दलाला फोन लावला. फुटपाथवर थोरली जाऊ ओकली. धाकटी तिची पाठ चोळत रडत होती. "मीच आकडा बदलला हो," म्हणत होती.

"मी सांगितलं म्हणून," ताई म्हणाल्या. त्यांना धरून चौतीस जण बाहेर होते. त्यांनी पुन्हा मोजले. चौतीसच.

ताईंचे बाबा सकाळी बरोबर आले होते, पण ते तीनच्या आधीच घरी गेले होते. ताई फोनवर बोलत असताना बाबांनी लांबूनच डोक्याला हात लावून दाखवला आणि हात हलवला. 'तुमच्या गोंगाटाने डोकं उठलं, मी चाललो,' असा अर्थ ताईंनी लावला. त्यांनी मान डोलावली होती. बाबांना बिल्ला नव्हता. घरच्या माणसाला कसला बिल्ला?

तरी त्यांनी घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. बाबा घरी आले की कानातलं यंत्र काढून ठेवत, तेव्हा फोन न उचलणं नेहमीचंच. त्यांनी पुन्हा लावला.

शेजारी एक सुतार आणि त्याचा जावई लॅपटॉप उघडून बसले होते. पळतानाही त्यांनी तेवढा उचलला होता. वाचनालयातली कोणती खुर्ची रिकामी आहे ते सांगणाऱ्या खुर्च्या त्यांनी बनवल्या होत्या. बॅटरीवर चालणाऱ्या, एकूण आठ. पैकी सात नंबरची सकाळपासून कुणी नसतानाही भरलेली दाखवायची. शेवटी ती मागच्या सामानाच्या खोलीत, बोळाच्या भिंतीलगत, नेऊन ठेवली होती.

"बघा, सगळ्या रिकाम्या," कुणीतरी वाकून म्हणालं. "फक्त सातवर भूत बसलंय!"

दोघे-तिघे हसले. भीती ओसरताना माणसं हसतात तसं.

सुतार हसला नाही. त्याने जावयाकडे पाहिलं. जावयाने लॅपटॉपवर एक कळ दाबली, थांबला, पुन्हा दाबली.

"काय झालं?" ताईंनी विचारलं. फोन कानालाच होता. पलीकडे घंटी वाजत होती.

"ताई, सात नंबर आता बिघडलेली नाही," सुतार म्हणाला. "अडीच वाजता दुरुस्त झाली. आत एक वायर तुटली होती. तुमच्या बाबांनीच शोधली. म्हणाले, डोकं जड झालंय, जरा टेकतो तिच्यावर, म्हणजे चालते का तेही कळेल."

ताई दाराकडे धावल्या. परिचारिकेने त्यांना कमरेला धरून मागे ओढलं.

चार वाजून सात मिनिटं. अग्निशमन दलाचा भोंगा दोन चौक पलीकडे ऐकू येत होता. सात नंबर: भरलेली.