चौथी मूठ

आजीने सुपात चौथी मूठ टाकली आणि गायत्री उठून जवळ सरकली.

"आजी, चार?"

"मोजू नको वं," सरलाबाई आजी तिच्या अहिराणीत म्हणाली. "देवीनं धान्य शे ते."

कानबाईच्या रोटांचे गहू होते. श्रावणात कानबाई बसते, तिच्या रोटांसाठी घरच्या माणसांच्या नावाने एकेक सव्वा मूठ घ्यायची. नावं आजी ओठांतल्या ओठांत घ्यायची. त्यातलं एक तर मोठ्याने घ्यायचंच नसतं म्हणे.

गेल्या साली मुठी तीन होत्या. गायत्रीने तेव्हाच बोटांवर लावून पाहिलं होतं: आजीची, पप्पांची, आपली. आजोबा आणि योगराजकाका गावी राहतात, त्यांची तिकडेच घेत असतील. म्हणजे तीन बरोबर होत्या.

आणि यंदा चार. आता चौथं माणूस कोण, हे काय सांगायला पाहिजे?

प्लेगच्या वर्षी सुरतेतलं अख्खं उधना रिकामं झालं तेव्हा हेही सगळे गावी पळाले होते. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले, लोक परतले. आई तेवढी वाटेत दोंडाईच्याला मामाकडे उतरली, ती उतरलीच. त्याला आता दोन वर्षं होत आली. पप्पा तिचं नाव काढत नाहीत. आजी म्हणते, "तुनी मायले बरं नही." गायत्रीला खरं कारण ठाऊक होतं. पळायच्या घाईत तिची स्वतःचीच एक चप्पल दारात उलटी राहिली होती. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, हे कुणालाही विचारा.

तेव्हापासून ती येता-जाता चाळीतल्या सगळ्यांच्या चपला सरळ करायची. साळुंकी एकटी दिसली की दुसरी दिसेपर्यंत हलायची नाही, मग शाळेची घंटा होऊन जाऊ दे. पापणीचा केस गळला की मुठीवर ठेवून फुंकायची. मागायचं एकच.

"अगं, असं काय होतं काय?" शेजारची धनश्री हसायची. "गांडी थई गई छे! पार वेडी झालीस!"

"झालं की सांगते तुला," गायत्री म्हणायची.

आणि आता होत होतं. आषाढातच आजीने डिंकाचे लाडू केले होते. आईला डिंकाचे लाडू फार आवडतात. डबा पप्पा कडोदऱ्याला घेऊन गेले, ते तिकडच्या कारखान्यात दोन-दोन रात्री मुक्काम करत, अंगमेहनतीचं काम. पण गायत्रीला लाडू मिळाला नाही, म्हणजे थोडे आईसाठी राखून ठेवले असणारच.

मग आजीने ट्रंकेतलं आईचं जुनं मऊ लुगडं काढलं, टराटरा फाडलं आणि त्याचे चौकोनी तुकडे केले. गायत्रीला क्षणभर रडू आलं. मग लक्षात आलं, जुनं फाडलं म्हणजे पप्पा नवं घेणार.

तिने शेजारच्या शोभाबाईला सांगून टाकलं, "रविवारी माझी आई येणार आहे."

शोभाबाई पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "कोण म्हणालं गं?"

"कोणी नाही. मूठ घेतली तिची."

शोभाबाईने पोळी तव्यावर टाकली आणि गरम गरम तिलाच खायला दिली. वर गूळही दिला.

रविवारी कानबाई बसली. घर धुतलेलं, पाटावर नारळ, त्याला नथ, डोळे. बाया गाणी म्हणत होत्या. पप्पांनी, म्हणजे हिलालने, इस्त्रीचा शर्ट घातला.

"कुठे चाललात?" गायत्रीने विचारलं.

"आणायला."

"मी येऊ?"

"नको." त्यांनी तिच्याकडे न बघता केस विंचरले. "आजीजवळ बस."

बास. आणखी काय पाहिजे होतं? गायत्रीने दारातल्या सगळ्या चपला जोडीजोडीने लावल्या आणि ओट्यावर बसली. भुसावळची गाडी कधी येते ते तिला माहीत नव्हतं. साळुंकी एकही दिसेना. मग तिने पापणीचा एक केस उपटला. उपटलेला चालतो की नाही कुणास ठाऊक. डोळ्यातून पाणी आलं. मूठ आवळून, केस वर ठेवून, डोळे मिटून तिने फुंकर मारली.

रिक्षा वळल्याचा आवाज आला.

पप्पा उतरले. मागून हिरवं नवं पातळ, डोक्यावरून पदर. गायत्री धावली, पदराला बिलगली आणि वर बघून "आई" म्हणाली.

बाई ओळखीची नव्हती.

तिने गायत्रीचा हात हळूच सोडवला. पप्पांच्या हातात गाठोडं होतं. आईच्या लुगड्याचा चौकोनी तुकडा त्याच्याभोवती गुंडाळलेला होता. गाठोडं रडायला लागलं.

"उना रे मना राजा!" सरलाबाई धावत आली. भाकरीचा तुकडा ओवाळून तिने रस्त्यावर टाकला, गाठोडं छातीशी धरलं. बायांचं गाणं थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालं. शोभाबाई तेवढी आत निघून गेली.

गायत्री आजीच्या मागोमाग पाटापर्यंत गेली. रोट भाजून टोपल्यात ठेवले होते.

"आजी, चौथी मूठ याची होती?"

"मग? सव्वा महिनाना व्हई गया तो."

"मग आईची कुठे आहे?"

सरलाबाईने बाळाच्या कपाळाला कानबाईचं कुंकू लावलं. मान वर केली नाही.

"बाईमाणूसनी मूठ नही राहस, पोरी. एक तुना आजानी, एक तुना बापनी, एक काकानी. तुनी तरी कधी व्हती?"