मूर्त पुरावा

“मूर्त पुरावा लागतो, बाई,” चिटणीस म्हणाले. “नुसत्या बोलण्यावर कुणाची आयुष्यभराची अब्रू मातीत घालता येत नाही.”

भाषेच्या बाई टेबलाच्या अलीकडे एकट्या बसल्या होत्या. पलीकडे शाळेच्या संस्थेचे चिटणीस, चौकशीला बसवलेल्या ग्रंथपालबाई आणि मुख्याध्यापक. तक्रार मुख्याध्यापकांविरुद्धच होती. चहाचा पहिला कपही त्यांनाच मिळाला होता.

“मूर्त म्हणजे काय?” बाईंनी विचारलं.

“हे तुम्ही मला विचारता? वर्गात तुम्हीच शिकवता ना?”

“शिकवते. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

चिटणिसांनी उसासा टाकला. “ज्याला हात लावता येतो ते मूर्त. एखादा फोटो, फाटलेली बाही, असं काहीतरी समोर ठेवा.”

“मी समोर बसलेय की!” बाईंचा आवाज चढला आणि त्यांनी तो चढू दिला. “मलाच हात लावला ना यांनी! प्रयोगशाळेत, कपाटाला रेटून. सगळं सांगून झालंय माझं. आता काय, कातडी सोलून आणू?”

ग्रंथपालबाई मान खाली घालून पेनाच्या टोपणाशी चाळा करत राहिल्या.

मुख्याध्यापक उठले. टेबलाला वळसा घालून बाईंच्या मागे आले. “किती त्रागा करून घेता! मोठ्या भावासारखा आहे मी तुम्हाला,” ते म्हणाले, आणि सवयीनं त्यांचा हात बाईंच्या खांद्यावर पडला. अंगठा मानेवरून फिरला.

चिटणीस खिडकीबाहेर पाहू लागले.

बाईंनी तो हात मनगटाशी धरला आणि टेबलावर आपटला. कप लवंडला. मुख्याध्यापक हिसके देऊ लागले, तशी बाईंची नखं आणखीच रुतली.

“सोडा! वेड लागलंय का तुम्हाला?”

“चिटणीससाहेब, खिडकीत काय ठेवलंय?” बाई ओरडल्या. “इकडे बघा! इकडे!”

चहा ओघळत चिटणिसांच्या मांडीवर ठिबकू लागला, तरी त्यांची नजर वळेना.

ग्रंथपालबाई उठल्या. त्यांनी जाऊन दार सताड उघडलं. व्हरांड्यात कान देऊन उभ्या असलेल्या शिक्षिका दचकून मागे सरल्या.

“मागे काय सरता?” ग्रंथपालबाईंचा आवाज चिरकला. “आत या. आणि जिनं तिनं आपापलं सांगा. मी सुरुवात करते.”