वरवंटा
उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरले आणि आईचे बुडालेले माहेर गाळातून वर आले. पुरातत्त्व शिकणारा इंद्रजीत तिला घेऊन तिथे गेला. ओळखीच्या जोत्यापाशी आईला तिच्या आईचा वरवंटा सापडला. चिखल पुसून तिने तो तान्ह्या बाळासारखा पदरात घेतला. “माज्या बारशाला ह्योच माज्याआदी पाळण्यात निजला हुता. ह्येला आता घरी, सोलापूरला न्हेते.” शिकलेला पहिला नियम इंद्रजीतला मोडवेना. “आई, सापडलेली वस्तू आहे तिथेच ठेवायची. जागेवरून हलवली, की ती कुणाची, कुठली, काही सांगता येत नाही. नुसता दगड उरतो.” आई दूरवरच्या पाण्याकडे पाहत राहिली. “आमाला हितनं हलवलं, तवा कुणी असं बोललं न्हाय रं,” ती म्हणाली आणि मुलाचे ऐकून वरवंटा गाळात ठेवायला वाकली. इंद्रजीतने तो तिच्या हातातून घेतला आणि गाडीकडे निघाला.