पिसांची माशी

“फार उतावळी आहेस तू. पाण्यात उभी राहून आधी धीर शिक. पहिला मासा लागला, की खुशाल जा त्या परगावच्या नोकरीवर,” बाबा म्हणाले होते.

तीन महिने ती दर रविवारी गुडघाभर पाण्यात उभी राहिली. गळाला पिसं गुंडाळून माशांना भुलवणारी खोटी माशी करायचे ते बाबाच, “तुझ्या हाताला घाई फार!” म्हणत दोरीला बांधायचेही तेच. मग ती पाण्यावर माशी अलगद टेकवायची. मासा वर यायचा, तोंड लावायचा आणि निघून जायचा. “धीर धर गं बाळे,” बाबा काठावरून म्हणायचे. ती धरायची. रागवायची ती स्वतःच्याच हातांवर.

आज दोरी झुडपात गुंतली. सोडवताना माशी तिच्या मुठीत चेपली गेली, पण टोचली नाही. तिनं फुंकर मारून पिसं बाजूला केली. गळाचं टोक पकडीनं साफ तोडलेलं होतं.

“बाबा, हे कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“रुजू व्हायची मुदत काल संपली, बाबा.”

“ठाऊक आहे गं.” बाबांनी मायेनं हात पुढे केला. “आण इकडे. आता टोकाचा गळ बांधून देतो.”