अनुमोदन

जळगावच्या मेथडिस्ट परिषदेत ठराव आला: सातपुड्यातलं चिंचपाणीचं चर्च बंद करावं, तिथली घंटा दीपनगरच्या नव्या मंडळीला द्यावी. “अनुमोदन?” अध्यक्षांनी विचारलं. कोणी हात उचलेना, कारण चिंचपाणीची प्रतिनिधी मार्थाक्का पुढच्याच रांगेत होती, पदराच्या गाठीत चर्चची किल्ली घेऊन. शेजारचे याकोबनाना पुटपुटले, “गप बसा, अक्का. अनुमोदन नाही, तर ठराव पडला.” घंटा राखायलाच ती पहाटेच्या एसटीने आली होती. पण गेल्या रविवारी घंटा थांबल्यावर सतरंजीवर ती एकटीच होती. ती उठली. “माझं अनुमोदन.” “अक्का, चर्च तुमचंच आहे,” अध्यक्ष म्हणाले. “घंटा वाजवणारी मीच, ऐकून येणारीबी मीच. तिकडे साठ माणसं तरी येतीन.” गाठ सोडून तिने किल्ली टेबलावर ठेवली. सचिवांनी पेन उचललं. “अनुमोदक मार्थाबाई. मंडळी कुठली?” “चिंचपाणी,” ती म्हणाली, “आजच्यापुरतं लिहा.”