पाचवा पेशंट

कोरोनाचे पाच पेशंट झाले की इमारत सील, असा आदेश निघाला तेव्हा परळच्या आमच्या चाळीतले चार जण आधीच हॉस्पिटलात होते. त्यातले एक कुशाबाकाका. मागे खोलीत एकटी राहिलेली त्यांची बायको, लक्ष्मीकाकी, दोन दिवस तापाने फणफणत होती.

टेस्ट करायला म्हणून ती जिना उतरली, तर चाळीचा सेक्रेटरी हितेंद्र हात जोडून आडवा आला. "काकी, तू पाचवी होशील गं. गेट बंद झालं तर सगळ्यांचे कामधंदे बसतील. चौघांतला एक कमी होऊ दे, मी स्वतः तुला टॅक्सीने नेतो."

आम्ही सगळे गॅलरीतून बघत होतो. काकी कठडा धरून, धापा टाकत परत वर गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हितेंद्रने तिचं दार वाजवलं. खाली टॅक्सी उभी होती.

"चल काकी, एक कमी झाला."

"देव पावला! कोण रे बरा होऊन आला?"



"आधी टेस्ट होऊ दे," हितेंद्र तिच्याकडे न बघता म्हणाला, "काकांचं मग सांगतो."